चौकातली माझी जागा

३ मार्च, सोमवार
आज मरता मरता वाचले. बेकरीतलं काम आटोपून येताना मोठ्या चौकात नेहमीसारखी फुटपाथला चिकटून उभी होते. मला सरळ जायचं होतं. शेजारचा ट्रक डावीकडे वळला — थेट माझ्या अंगावर. सायकल टाकून फुटपाथवर उडी मारली. बावन्नाव्या वर्षी उडी! गुडघा सोलवटला.

घरी सुनेला सांगितलं, तर ती पांढरीफटक. गुडघा पुसून दिला.

५ मार्च
सून दोन महिने घरीच आहे. सिटी बस चालवायची, आता रजेवर. मुलाला विचारलं तर म्हणतो, "थकलीय गं ती." इतकं कसलं थकणं?

९ मार्च, रविवार
सकाळीच सुनेने उठवलं. "आई, सायकल काढा."

चौक रिकामा होता. तिने रस्त्यावरचे बाण दाखवले. "कडेची लेन वळणाऱ्यांची. तुम्हाला सरळ जायचंय ना? मग तिथे थांबायचंच नाही. चौक यायच्या आधीच मागे बघा, हात दाखवा आणि सरळ बाणाच्या लेनमध्ये या. तीही मधोमध."

"मधोमध? मागचे शिव्या देतील."

"देऊ देत. शिव्या देतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसताय."

दहा फेऱ्या मारायला लावल्या. मागे बघायला मान वळवली की माझं हँडलही वळायचं. ती हसली — कित्येक दिवसांनी.

१३ मार्च
एकटीने चौक पार केला. मागून हॉर्न वाजला. कडेला सरकले नाही.

१४ मार्च
भाजी निवडताना सुनेने आपणहून सांगितलं. जानेवारीत त्याच चौकात तिची बस डावीकडे वळत होती. कडेला सायकलवर एक आजोबा, सरळ जाणारे. "आरशात दिसलेच नाहीत हो, आई." त्यांचा पाय मोडला. चौकशीत तिची चूक निघाली नाही. कामावर बोलावणंही आलंय, पण स्टिअरिंगला हात लावायचा धीर होत नाही.

तिचे हात हातात घेऊन बसले. भाजी तशीच राहिली.

२४ मार्च, सोमवार
चौकात लाल दिवा. मी सरळ बाणाच्या लेनमध्ये, मधोमध. डावीकडच्या लेनमध्ये बस येऊन थांबली. ड्रायव्हरच्या खिडकीतून हाक आली —

"आई, सरळ ना? आधी तुम्ही जा."