कुंकू लावलेला कॉम्प्युटर

खंडेनवमी, संध्याकाळ

टॉवेलच्या कारखान्यात आज माग बंद, यंत्रांची पूजा. ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरलाही कुंकू लागलं. म्हटलं, काम नाहीच तर मेलचं सॉफ्टवेअर अपडेट करून टाकावं. मालकांच्या आई, अम्मा, दारातूनच म्हणाल्या, "पूजलेल्या यंत्राला आज हात लावायचा नसतो की गं." मी हसले.

आणि मेल उघडेनातच. परदेशातल्या सगळ्या ऑर्डरी त्यात, दुसरीकडं कॉपी नाही. बंद करून चालू केलं, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. फोल्डर रिकामे. समोर नुसतं ते कुंकू. शेवटी कुणी बघत नाही असं पाहून हात जोडले. मी!

थोड्या वेळानं मेल एकेक करून दिसायला लागल्या. कशामुळं? कळलं नाही, म्हणून तर बंद करायची छाती झाली नाही. अम्मा कुलूप घेऊन उभ्या, कॉपी काढायला वेळच मिळाला नाही. कॉम्प्युटर चालूच ठेवून घरी आले. कुंकू पुसायचीसुद्धा भीती वाटली. दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत तेवढा चालू राहू दे. यूपीएसची बॅटरी कधीच गेलीय.

एवढं लिहीपर्यंत दिवे गेले. मोबाइलच्या उजेडात लिहितेय. गच्चीवर जाऊन पाहिलं.

कारखान्याकडंही अंधारच आहे.