आईच्या उंचीचा बाक

३ जानेवारी

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईच्या डोळ्याचं वाचून काळजी वाटली. इथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया करू म्हणतात, आणि पुढे सहा आठवडे तिला इथंच ठेवा म्हणतात. त्यात विचारायचं काय, घर तिचंच आहे.

मात्र घर तिला ओळखू येणार नाही. गेल्या वर्षी आम्ही ते मुळापासून बदललं. नवं काही नको, प्रत्येक वस्तूच्या मागे इतिहास हवा, असं हिचं मत पडलं आणि मलाही ते पटलं. दिवाणखान्यात आता तार नसलेला टेलिफोन आहे, चार वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं घड्याळ आहे, तराजूच्या पारड्यात दिवा बसवला आहे आणि एका भिंतीवर जुनं कोरीव दार उभं केलं आहे. दारामागे भिंतच आहे, पण येणारा प्रत्येक जण आधी तिथंच जाऊन थांबतो. हे सगळं एका जाणकारानं मिळवून दिलं. शहराच्या जुन्या भागात त्याचं दुकान आहे. वस्तूचा नुसता वास घेऊन तो तिचं वय सांगतो.

एक मागणं आहे. बाबांचा रंधा तुझ्याकडे असेल. तो पाठव. पुस्तकांच्या फळीवर फार शोभेल. त्याला तेलपाणी करू नकोस, जितका मळका तितका बरा. पात काढून ठेवलीस तरी चालेल.

आईच्या बाकाचं विचारलंस. आहे की. उत्तम आहे.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ जुना आहे, तेव्हा आमच्या घरी त्याला मान आहेच.

तुझा,
धाकटा

१० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. फोन का करत नाही म्हणून तू नेहमी विचारतोस. करवतीच्या आवाजात मला निम्मं ऐकू येत नाही, आणि फोन आईला दुसऱ्यांदा ऐकता येत नाही.

दाराचं ऐकून ती विचारात पडली. ते उघडतं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, उघडत असेल. मग पाहुण्यांना त्यातून कुठं पाठवतात, हे तिला हवं होतं. तुझी वहिनी म्हणाली की नको असलेल्या पाहुण्यांसाठी ती सोय असावी. घड्याळ इकडे पाठव, दुरुस्त करून आणतो, असं मी लिहिणार होतो. पण चालू लागलं तर तुमच्या घरातून त्याला काढून टाकतील, म्हणून गप्प बसलो.

बाबांचा रंधा माझ्याकडे आहे हे खरं, पण तो रोज कामावर असतो. सध्या आम्ही दोघं शाळेच्या खिडक्या करतो आहोत. पात काढलेला रंधा म्हणजे दात काढलेला म्हातारा. त्याला फळीवर बसवून पाहुण्यांनी बघायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. मी थकलो की आम्हा दोघांना एकदमच घेऊन जा. मळके असूच.

आता कामाचं. तुला आठवत असेल, तुझ्या लग्नात दिलेला तो बाक मी आईच्या मापानं केला होता. तिला विटांच्या थरावर बसवलं आणि टाचा जमिनीला टेकेपर्यंत एकेक वीट काढत गेलो. गुडघ्यांमुळे ती खाली बसू शकत नाही, आणि खुर्चीवर पाय लोंबकळून सुजतात. मावशीकडे तिला उंच सोफ्यावर बसवलं होतं, तेव्हा आपल्याला विकायला मांडलंय असं वाटत राहिलं, असं ती अजून सांगते. शस्त्रक्रियेनंतर तर सहा आठवडे एका जागी बसायचं आहे. तिनं मला स्वच्छ सांगितलं: बाक असेल तर जाईन, नसेल तर आहे तेवढ्या उजेडात माझं भागेल. तिचा हट्ट तुला माहीत आहे. एक डोळा गेलाच. दुसऱ्याला डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे.

तेव्हा बाक कुठं आहे, कसा आहे, ते नीट लिही. धाकटीला आशीर्वाद. मायेत कमी-जास्त झालं असेल तर ते माझ्या अक्षराचं समज.

तुझा,
दादा

२५ जानेवारी

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

रंध्याचं राहू दे. आईला सांग, तिचा बाक व्यवस्थित आहे. सध्या पॉलिशला दिला आहे, मार्चच्या आत परत येईल. तिनं मनात काही आणू नये.

आता खरी बातमी. जाणकारानं आम्हाला एक दुसराच बाक मिळवून दिला आहे, असा की बघणारा बोलायचं विसरतो. निदान दोनशे वर्षांचा. कुठल्याशा राजघराण्यातल्या बुटक्या राजकन्येसाठी केलेला. इतका ठेंगणा आहे की मी बसलो तर गुडघे हनुवटीला लागतात. सगळीकडे किड्यांची बारीक भोकं आहेत, कडा झिजल्या आहेत आणि जरासा डुगडुगतो. त्या काळी डुगडुगणं हे खानदानीपणाचं लक्षण होतं, असं जाणकार सांगतो. सोबत जाड कागदावर शिक्का मारलेलं वयाचं प्रमाणपत्र दिलं आहे. ते आम्ही चौकटीत घालून वर लावलं, आणि बाकासमोर लाल दोरी बांधली. आईला आधीच सांगून ठेव, त्यावर बसायचं नाही, नुसतं बघायचं.

एक गंमत आहे. बाकाच्या खालच्या बाजूला तापलेल्या खिळ्यानं अक्षरं काढली आहेत. डा. मा. पा. आ. घा. क्ष. जाणकार म्हणतो, ही कारागिरांच्या गुप्त संघाची खूण. पुढच्या महिन्यात एका अभ्यासकाला बोलावून अर्थ लावून घेणार आहे. तू लाकडातला माणूस, म्हणून विचारतो. असं काही कधी तुझ्या पाहण्यात आलं आहे का?

ही नमस्कार सांगते. तुझा आशीर्वाद प्रमाणपत्राशिवायही चालतो.

तुझा,
धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अभ्यासकाला त्रास देऊ नकोस. अर्थ मी लावून देतो.

बाबा प्रत्येक वस्तूच्या खालच्या बाजूला तिच्यातला दोष लिहीत. गिऱ्हाईक वरून बघतं, देव खालून बघतो, म्हणत. पूर्ण शब्द लिहीत नसत, पहिली अक्षरं फक्त. त्याला तेवढी पुरतात म्हणत. ज्या दिवशी त्यांनी रंधा माझ्या हातात दिला त्या दिवशी हे सांगितलं. तुझ्या हातात लेखणी होती, म्हणून तुला सांगायचं राहिलं. तर आता वाच. डावा मागचा पाय आखूड. घाई. क्षमा.

घाई कशाची, तेही सांगतो. तुझ्या साहेबांच्या सोयीसाठी तू लग्न आठ दिवस अलीकडे घेतलंस. तो शेवटचा पाय मी बसवला तेव्हा बाहेर मंडळी गाडीत बसून मला हाका मारत होती.

बाक दोनशे वर्षांचा असेल तर मी अडीचशेचा असणार. गुडघे तसं सांगतातच. आणि तुमची बुटकी राजकन्या आत्ता माझ्यासमोर लसूण सोलत बसली आहे, पत्रात आणखी काय लिहिलंय म्हणून विचारते आहे.

एवढं सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण त्या भोकांचं मनाला लागलं. मी किडकं लाकूड आजवर कुणाला दिलेलं नाही. एक कर. भोकात सुई घालून बघ. किडा आत वळत वळत जातो, गिरमिट सरळ जातं. तुझा जाणकार वास घेऊन वय सांगतो म्हणतोस. वय घालतोही, असं दिसतं.

आता एकच प्रश्न उरला. पॉलिशला दिलेला बाक कोणता? उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

आईला मी तुझं पत्र पॉलिशपर्यंत वाचून दाखवलं आणि पुढचं गिळलं. तिच्यापुढे असं अर्धं वाचण्याची ही माझी पहिलीच वेळ. हे पाप निम्मं तुझ्या नावावर लिहितो. देवाला आपल्या दोघांची अक्षरं ओळखू येतात.

माया आहे, पण आज जरा दम लागलाय तिला.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुई सरळ आत गेली. सगळ्या भोकांत.

लपवण्यासारखं आता काही राहिलं नाही. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी हिनं त्या बाकाला हिरवा रंग दिला होता, भिंतीला जुळावा म्हणून. मग भिंतीचा रंग बदलला आणि बाक गॅलरीत गेला, त्यावर कुंड्या आल्या. आई येऊन जायची तेवढे दिवस कुंड्या उतरवायचो. गेल्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा रंगाच्या रिकाम्या डब्यांबरोबर तोही भंगारवाल्याला दिला. आतलं लाकूड कसं आहे ते आम्ही कधी नीट बघितलंच नव्हतं, मग रंग खरवडून समोर आलेला ओळखणार कसा?

दुकानात जाऊन मी जाणकाराशी भांडलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि कारागीर जिवंत आहे का, एवढंच विचारलं. आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. असेच आणखी सहा करून देतील का, म्हणाला. दोनशे वर्षांचे.

बाक त्याच्या तोंडावर परत फेकणार होतो. हिनं अडवलं. मग आई कशावर बसतील, म्हणाली. दोन दिवस ती धड जेवलेली नाही. आईला सांगायचं का, आणि कोणी, ते तू सांग. तिनं यायचं रद्द केलं तर मी काय करू?

लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही. ठेवलास तर बरं होईल.

धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जाणकाराला सांग, सहा करून देईन. पण खाली दोष लिहिल्याशिवाय माझ्या दुकानातून वस्तू बाहेर पडत नाही, आणि त्याचे दोष मांडायला सहा बाकांच्या खालच्या बाजू पुरायच्या नाहीत.

आईला मी सांगणार नाही. बाक मी टाकला नाही. ती तुमच्याकडे येते आहे, कारण बाक आहे असं तिला ठाऊक आहे, आणि देवाच्या दयेनं ते आता खरंही आहे. पण तिनं विचारलं तर तिच्याशी खोटं बोलू नका.

एक तारखेला तिला घेऊन निघतो. थेट दवाखान्यात पोचवीन आणि दुसऱ्या दिवशी परतेन, शाळेच्या खिडक्या अडल्या आहेत. हत्यारं आणणार नाही, तेव्हा पाय सारखा करून दे म्हणू नकोस. तो दोष मी देवाला कबूल केला आहे. आता परस्पर मिटवला तर बरं दिसणार नाही.

धाकटीला म्हणावं, जेव. दोरी सोड. दार राहू दे, आईला ते उघडून बघायचं आहे.

माया जागच्या जागी आहे.

तुझा,
दादा

८ मार्च

तीर्थस्वरूप भाऊजींना,
सा. न. वि. वि.

मी आपल्याला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. ह्यांनी दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा कागद फाडला.

आई खुशाल आहेत. डोळा वाचला, दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी अजून आहे. काल त्यांना घरी आणलं.

दोरीची गाठ ह्यांना सुटेना, शेवटी सुरीनं कापली. आईंना धरून बाकापाशी आणलं. त्या लगेच बसल्या नाहीत. आधी कडेवरून हात फिरवला, मग फळीवरून, आणि बोट एका भोकावर येऊन थांबलं. थोरल्याच्या लाकडाला कीड कशी लागली, असं त्यांनी विचारलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. मग मीच सांगितलं. हिरव्या रंगापासून प्रमाणपत्रापर्यंत, काही न ठेवता.

मला वाटलं, आता परत घेऊन चला म्हणणार. पण आईंनी विचारलं की ती राजकन्या किती बुटकी होती. मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, एवढी. डॉक्टरांनी हसायला बंदी केली आहे, डोळ्यावर ताण येतो. तोंडावर पदर दाबून किती तरी वेळ हसत होत्या. मग ह्यांच्याकडे तोंड करून म्हणाल्या, इतक्या जुन्या वस्तू विकत आणल्यास बाबा, एक तरी आपल्या घरातली निघाली. ह्यांनी मान वर केली नाही. आईंना ते दिसलं नाही, पण कळलं असावं, कारण विषय तिथंच सोडून त्या बाकाकडे वळल्या.

मग बसल्या. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. बाक डुगडुगला, तशा म्हणाल्या की थोरल्याचा तो पाय अजून तसाच आहे, एखादा जाड कागद आण. हे रद्दी शोधायला आत गेले. मी भिंतीवरची चौकट उतरवली, प्रमाणपत्र काढलं, त्याच्या चार घड्या केल्या आणि वाकून डाव्या मागच्या पायाखाली सरकवलं. वाकले तेव्हा आपली अक्षरं पहिल्यांदा नीट पाहिली. दहा वर्षं त्यावर कुंड्या ठेवल्या, एकदा वाकले नव्हते.

आईंनी मागे-पुढे झुकून बघितलं. बाक हलला नाही. चांगला जाड कागद आहे, कशाचा, असं विचारलं. मी म्हटलं, शिक्क्याचा. मग टिकेल, म्हणाल्या.

हे पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलं आहे. काही गाळलेलं नाही. आपला लोभ मी मागत नाही. त्यावर आई बसल्या आहेत.

आपली,
धाकटी