वाटीतला चेहरा

मी, मेतोदी गेंकोव्ह, वय त्र्याहत्तर, डॅन्यूबकाठच्या लोझा गावचा रहिवासी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण नाही, पण भीती आहे. ती कशाची, ते तिसऱ्या कलमात येईल.

१. घर, परसातला द्राक्षमांडव, रकिया गाळायची भट्टी आणि बँकेतील शिल्लक माझी सून इस्क्रा हिला. माझा मुलगा प्लामेन गेल्यावर ती माहेरी जाऊ शकली असती. गेली नाही. तिचे पांग मला फेडता आले नाहीत.

२. तारेचा ब्रश आणि व्हिनेगरची बाटली माझा थोरला भाऊ वल्को याला. मी दहा वर्षांचा असताना मळ्याच्या नांगरटीत मला मातीचा एक चपटा गोळा सापडला. माती मऊ व्हावी म्हणून वडिलांनी तो सूर्यफुलाच्या तेलात ठेवायला लावला. चाळीस दिवसांनी मी रानगुलाबाच्या काट्याने माती उकरली, तर आतून एक कान आला, मग कुरळी दाढी. रोमचा कोणी बादशहा माझ्याकडे बघत होता. कोणता, ते दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारणार होतो. रात्रीत वल्कोने ते नाणे व्हिनेगरमध्ये घालून ब्रशने घासले. "बघ, कसं चकाकतंय!" म्हणाला. चकाकत होते, चेहरा मात्र उरला नव्हता. तो चेहरा मी त्रेसष्ट वर्षे शोधतो आहे. वल्कोला माफ केलेले नाही.

३. कपाटातील सर्व नाणी जिल्ह्याच्या संग्रहालयाला. त्यातली बरीच चोरून खणलेली आहेत, हे मी कबूल करतो. प्लामेन दहा वर्षांचा झाला तेव्हा मीच त्याच्या तळहातावर मातीचा गोळा ठेवला होता. "कोण असेल हो, बाबा?" त्याने विचारले, आणि मला केवढा आनंद झाला! त्या प्रश्नामागे तो टेकडीखाली भुयार खणत गेला. नऊ वर्षांपूर्वी ते त्याच्यावर ढासळले. माझी नात रालित्सा आता दहा वर्षांची आहे. मला रात्रंदिवस भीती वाटते. तिला कोणीही, मीसुद्धा, मातीने माखलेले नाणे देऊ नये.

४. प्लामेनचे फावडे लोहाराकडून वितळवून घ्यावे.

५. हे कलम आज दुपारी वाढवले. शेजारीण झिव्का साक्षीला आली होती.

"मला काही ठेवलंयस का रे? साक्षीदाराला हिस्सा चालत नाही म्हणे."

"मग निर्धास्त सही कर."

पेन आणायला मी रालित्साच्या खोलीत गेलो. पुस्तकांच्या मागे एक वाटी होती. वाटीत तेल, तेलात गोळा, शेजारी रानगुलाबाचा काटा. मी वाटीकडे हात नेला. इतक्यात ती शाळेतून आली.

"आजोबा, हात नका लावू! अजून एकोणीस दिवस आहेत."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच की. झिव्काआजीला सांगत होतात ना, वल्कोआजोबांनी तुमचं नाणं कसं बिघडवलं ते." मग तिने वाटीत वाकून पाहिले. "कोण असेल हो, आजोबा?"

मी तो गोळा उचलून नदीत फेकायला निघालो. फाटकापाशी उन्हात तो नीट दिसला. मातीतून कान सुटला होता. दाढीचे एक वळणही.

मी परत आलो. गोळा पुन्हा तेलात ठेवला आणि वाटी तिला सापडणार नाही अशा जागी ठेवली.

म्हणून सांगतो: झिव्काने हे कलम इस्क्राला आजच, मी जिवंत असतानाच, वाचून दाखवावे. इस्क्राने वाटी मला न विचारता नदीत ओतावी. मी अडवले, हातापाया पडलो, तरी ऐकू नये.

लोझा, १४ ऑक्टोबर २०१९
सही: मेतोदी गेंकोव्ह

साक्षीदार:
स्पिरिदोन कोलारोव्ह, निवृत्त पोस्टमन
झिव्का आनेव्हा, शेजारीण. पाचवे कलम इस्क्राला वाचून दाखवले. वाटी कुठे आहे, ते मेतोदी सांगत नाही.