डाव्या गालावरचा व्रण

रॉबिन, सलाम.

काल मोबाईलवर तुझी मुलाखत पाहिली. म्हणे भुताच्या सिनेमांचा मोठा दिग्दर्शक! तुझी भुतं जिममधून थेट सेटवर आल्यासारखी दिसतात, पण ते असू दे.

तू म्हणालास, "लहानपणी शेवगावच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमात नट बलभद्रला पाहिलं. त्याच्या डाव्या गालावरचा व्रण आणि ते डोळे मी कधीच विसरलो नाही."

काय थापा मारतोस रे? तंबूच्या मधोमध सिनेमाचा पडदा असायचा. पुढून पुरुष बघायचे आणि मागून आम्ही बायका, त्यामुळे आम्हाला सगळं उलटं दिसायचं. पडद्यावर शालनबाईनं हडळ होऊन नुसती मान वळवली, तरी आमच्या बाजूची तान्ही पोरं दूध प्यायची थांबायची. बलभद्र तर कधी ओरडायचाही नाही, नुसता हळूच हसायचा. तुझ्या नटांना जमेल ते?

त्याचा व्रण उजव्या गालावर होता. डावीकडे तो फक्त बायकांना दिसला. तू पुढच्या बाजूला पप्पांच्या मांडीत तोंड खुपसून रडत होतास.

दुसऱ्या दिवशी "ताई, दाखव ना" म्हणून मागे लागलास. मग मला दिसला होता तसा, डाव्या गालावर कोळशानं व्रण काढून मी तुला अख्खा सिनेमा करून दाखवला.

ज्या नटाचे गोडवे गात फिरतोस ना शहाण्या, ती मी आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर लगेच उजवा गाल म्हणायला लागशील.

हन्नाताई