रांजणाजवळचा डाव

मामाजी, आपल्या ध्यानात काही राहत नाही असं तुम्हीच म्हणायचे, म्हणून आधी ओळख सांगते: मी तुमची धाकटी सून. तोंड कधी पाहिलं असेल की नाही कोण जाणे, पदर मात्र पाहिला असेल. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहिते. ती माझं बोलणं शुद्ध करून राह्यली. मधूनच एखादा 'मले' तिच्या हातून सुटला, तर तेवढी मी आहे असं समजा.

सोनाळ्याच्या पुढं, डोंगराकडं रस्ता संपतो तिथं मला दिलं. बाया भल्या होत्या, पण बोलणं सासू, सून आणि कढी याच्या पलीकडं जाईना. वाटायचं, इथं डोकं गंजून जाईल. तुमचीही तीच गत. गावातला पिंजारी हा तुमचा एकच जोडीदार. रांजणाजवळच्या फरशीवर कोरलेल्या चौकटीत तुम्ही दोघं नऊ-नऊचा डाव मांडायचे. तुमचे खडे, त्याचे चिंचोके. तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. मी पाणी भरता भरता शिकले. तो वारला, आणि तुम्ही दोन्हीकडून एकटेच खेळू लागले. एक दिवस मले राहवलं नाही. घागर उतरवली आणि त्याचा एक चिंचोका सरकवला.

संध्याकाळी तुम्ही पाणी प्यायला वाकले ते फरशीकडं पाहतच राहिले. मी दाराआड.

"घरात कोणाले तरी अक्कल हाय वं," तुम्ही सासूबाईंना म्हणाले.

"मले म्हणून राह्यले का?"

"तुले कायले म्हणीन!"

मग रोज तुमची एक चाल शेतात जाताना, माझी एक पाणी भरताना. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. पण तुम्ही आज रागात आहात की थट्टेत, ते मला खड्यावरून कळायचं. एकेक डाव महिनाभर चाले, आणि दर वेळी मीच हरायची. एकदा हरायला एकच चाल उरली, तेव्हा मी तुमचा एक खडा गुपचूप एक घर मागं सरकवला.

वाटलं, ओरडाल. तुम्ही बोटानं घरं मोजली. मग सासूबाईंना म्हणाले, "सकाळी खडा कुठं ठेवला तेही आठवून नाही राह्यलं. डोकं गेलं माहं." दुसऱ्या दिवशी सगळं गोळा करून कोनाड्यात ठेवलं. पुढं भिंतीकडं तोंड करून बसायचे. कोणी काही विचारलं तर उत्तर देण्याआधी घाबरायचे. दोन वर्षांनी गेले.

आता नातीनं मोबाइलवर हाच डाव दाखवला. खेळले. पण त्या मोबाइलले राग येत नाही, मग त्याला हरवून करायचं काय? तीही उद्या कॉलेजला परत जाते. मग मी आणि फरशी.

मामाजी, विसराळू तुम्ही नव्हते. हे लिहिताना नात थांबली. "आजी, तू काऊन सांगितलं नाही त्याईले?" म्हटलं, सुनेनं बोलायचं नव्हतं. पण कोनाडा हाताशी होता, डाव पाठ होता. तो जसाच्या तसा मांडून खडा त्याच्या जागी ठेवायला बोलावं लागत नव्हतं. दोन वर्षं मी रोज तिथं पाणी भरलं. मांडला असता तर माझी चोरी कळली असती, एवढंच. डाव अजून पाठ आहे.

पत्र कुठं टाकू, ती विचारते. म्हटलं, कोनाड्यात ठेव, खड्यांजवळ. चिंचोके किडून गेले. तिकडं चिंच असेल तर चिंचोके पाठवा. भाजलेले नको, दात नाहीत. कच्चेच पाठवा, नऊ.