लख्ख घासलेला लघुग्रह

३ नोव्हेंबर, सोमवार
इत्तोला रिसानी गावचं स्थळ आलंय. पुढच्या शुक्रवारी रीतीप्रमाणे साखरेचे सुळके, म्हणजे उंच निमुळत्या ढेपा, घेऊन येणार. सुळके घरात घेतले की लग्न ठरलंच. त्याआधी मी मागणी घालणार. तिचा बाप, दा हद्दू, आभाळातून पडलेल्या दगडांचा व्यापारी. असा एक दगड पुढ्यात ठेवायचा, मुलगी मागायची. विषय संपला. भूशास्त्र दीड वर्ष शिकलोय. कॉलेज मी सोडलं. प्राध्यापकांशी झालेल्या भांडणाचा त्याच्याशी संबंध नाही.

५ नोव्हेंबर
काठीला लोहचुंबक बांधून दिवसभर वाळवंटात. चिकटलं काय, तर सार्डिनचा डबा. उद्यापासून इत्तोचा विचार कमी, चालणं जास्त.

८ नोव्हेंबर
सापडला!! मुठीएवढा, काळाकुट्ट. चुंबक चट्कन बसला. एका बाजूचा टवका उडालाय. आत करडा रंग नि मोहरीएवढे गोल दाणे. असे दाणे पृथ्वीवरच्या दगडात नसतात. मंगळ आणि गुरूच्या मधल्या कुठल्यातरी लघुग्रहाचा तुकडा, पृथ्वीपेक्षाही म्हातारा. एवढा धडा होईपर्यंत मी कॉलेजात होतो, हे नशीब.
वाटेत इत्तो भेटली. म्हणाली, इदिर, हा जळका बटाटा घेऊन बाबांकडे जाणारेस? आणि हसली. हसली म्हणजे होकारच.

९ नोव्हेंबर
पण तिचं खरंय. मागणीला असा ओबडधोबड दगड नेतात का? जीवाश्म घासून त्यांचे आरसे करणं हा आम्हा एर्फूदवाल्यांचा पिढीजात धंदा. बाबांच्या मशीनवर पाणी सोडून घास घास घासला. काळं साल पार काढलं. दाणे काय चमकतात! बाबा म्हणाले, हद्दूला विचारलंस का रे? म्हटलं, बाबा, हे विज्ञान आहे, तुम्ही मध्ये पडू नका.

१२ नोव्हेंबर
दा हद्दू चहा ओतत होते. दगड बघून किटली खाली ठेवली. साल कुठंय, म्हणाले. काढलं, म्हटलं. अरे गाढवा, आभाळातून जळत येताना धरलेलं साल ते! त्यासाठीच तर गिऱ्हाईक येतं. आणि हे गंजाचे तांबूस डाग? पाणी मारलंस? लघुग्रहावरून इथवर धड आला, आणि एर्फूदमध्ये येऊन सोलला गेला!
माझं डोकं फिरलं. म्हटलं, दगड जाऊ द्या खड्ड्यात, मुलगी द्या.
म्हणाले, तुला दगड सांभाळता येईना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
रिसानीवाले आले. त्यांना अडवायचंच म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. सामान उतरवायला माणसं कमी पडली. त्यांनी हाक मारली. दोन सुळके मी आत नेऊन ठेवले.

१७ नोव्हेंबर
इत्तोचा निरोप. नव्या घरात जीवाश्मांच्या दगडाचं बेसिन बसवायचंय, ते इदिरनेच घासावं, त्याच्यासारखी चमक कुणाला आणता येत नाही. म्हणजे माझ्या मनातलं तिला कळत होतं सगळं!
साफ नाही म्हणून कळवणार होतो. पण बाबांनी माप विचारलं, तर सांगून टाकलं. रुंद हवंय. दोघांना एकदम हात धुता येतील एवढं.