बिलाल मास्तरांना कबूल केलेल्या दोन ओळी

रत्नागिरी, गुरुवार, ३ ऑक्टोबर १९२९

आमच्या संपादकांनी, तात्यांनी, माझ्या लेखातल्या नेमक्या दोनच ओळी कापल्या. गोऱ्या राजापुढे वाजवणाऱ्या, व्हिएन्नात नावाजलेल्या एका फिडलवाल्याचा, म्हणजे व्हायोलिनवादकाचा, बाप हबशी होता, ही एक. ख्रिस्ती धर्माचे कितीतरी पहिले आचार्य आफ्रिकेच्या मातीतले होते, ही दुसरी. बाकी लेख तसाच. मग उरलं काय?

"अहो, लोकांना फिडलाशी मतलब. बाप कोण होता ते कशाला?" तात्या म्हणाले. "उद्या म्हणाल, जगातला सगळा मोठेपणा हबशांचाच!"

"बाप गोरा उमराव असता, तर ओळ ठेवली असतीत ना?"

"आज फारच तापलात बुवा. छपाईचा फर्मा मशीनवर चढायचाय."

आणि मी, वीस वर्षं वेळेवर मजकूर देणारा शहाणा, गप्प बसलो! त्याचाच राग जास्त.

लग्नाच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवणारे बिलाल मास्तर सिद्दी, म्हणजे हबशांच्याच वंशाचे आहेत. त्यांना वाचता येत नाही. परवा मिरकरवाड्यात त्यांना मी या दोन ओळी सांगितल्या.

"माझ्या रंगाचा माणूस, नि गोऱ्यांच्या राजासमोर वाजवलान? हे छापून येईल काय हो, भाऊ?"

येईल, म्हटलं मी. शनिवारी अंक घेऊन त्यांनी मला घरी बोलावलंय, बायकामुलांना वाचून दाखवायला.

दोनच ओळी. जागा नव्हती म्हणावं, तर तिथे केसांच्या तेलाची जाहिरात बसवलीय.

शनिवारी जाणार. अंक नेणार नाही, माझा हाताने लिहिलेला कागद नेणार. ओळी कोणी कापल्या ते नावानिशी सांगणार. कापताना समोर गप्प कोण बसला होता, तेही.